गेम ऑफ थ्रोन्स, सीझन ३, भाग ९: इतके धागे जवळ येतात आणि कुणीच कुणाला भेटत नाही. मला काही उलगडून सांगाल का?

कृष्णाकाठ

मंडळी, ज्यांची ही मालिका पूर्ण बघून झाली आहे त्यांची मदत हवी आहे. आधी एक विनंती. मी तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागापर्यंतच आले आहे, तेव्हा पुढचं काही सांगू नका. नववा भाग परवा रात्री एकटीने पाहिला आणि त्यानंतर झोप लागली नाही.

मी टपाल खात्यात तीस वर्षं सॉर्टिंगला होते. पत्र हातात आलं की आधी गाव बघायचं, मग ते त्या गावाच्या खणात टाकायचं. ही मालिकाही मी तशीच बघते. एक दोनशे पानी वही केली आहे, गावागणिक रकाने आखले आहेत, आणि कोण कुठून निघालं, कुठे पोचलं ते लिहीत जाते. नाहीतर इतकी माणसं लक्षात राहणं शक्य नाही.

या भागाला पाच रकाने लागले. म्हाताऱ्या वॉल्डर फ्रेच्या नदीवरच्या जुळ्या किल्ल्यांत रॉब, त्याची आई केटलिन आणि तिच्या भावाचं, एडम्यूरचं लग्न, ज्याच्या मेजवानीत पाहुण्यांची कत्तल होते. त्याच किल्ल्याच्या वाटेवर खारवलेल्या मांसाची गाडी हाकत हाउंड नावाचा योद्धा, आणि शेजारी रॉबची बहीण आर्या. तिकडे भिंतीच्या अलीकडे, ओसाड पडलेल्या मुलखात एक बुरूज: आत रॉबचे धाकटे भाऊ ब्रॅन आणि रिकन, सोबत ओशा, होडोर आणि जोजेन-मीरा ही दोघं भावंडं, बाहेर रानटी लोकांच्या टोळीत त्यांचा सावत्र भाऊ जॉन. भिंतीकडे चालत निघालेले जॉनचा मित्र सॅम आणि गिली. आणि समुद्रापलीकडे युंकाई शहराबाहेर, ते जिंकायला आलेली डेनेरिस.

आता शंका. ब्रॅनपासून जॉन हाकेच्या अंतरावर होता. दोन वर्षं भावाला पाहिलं नाही आणि हाक मारली नाही, हे कसं? दुसरं, युंकाईचं या भागात काम काय? रॉबच्या पंक्तीत विष कालवलं जात असताना मला तिकडे का नेलं? तिसरं, घात होणार हे केटलिनला नेमकं कधी कळलं? मी तो प्रसंग थांबवून थांबवून तीनदा पाहिला, दर वेळी मला उत्तर वेगळं मिळालं. आणि शेवटचं, हा सगळा कट राजधानीत शिजला असणार हे उघड आहे. मग राजधानीतलं एकही माणूस या भागात कसं नाही? मी वहीत पाहिलं, तो रकाना पूर्ण कोरा आहे.

शेवटची नामावली आवाजाशिवाय सरकत जाते तेव्हा मी टीव्हीसमोर उभी होते. कधी उठले ते मला आठवत नाही.

अर्धविराम

ताई, हाकेचं सांगतो. त्या बुरजात कुणी हूं की चूं केलं असतं तरी सगळे मेले असते. आठवा, बाहेर विजा कडाडतात, होडोरला त्यांची भीती वाटते आणि तो ओरडायला लागतो. त्याला गप्प करायला दुसरा उपाय उरत नाही म्हणून ब्रॅन थेट त्याच्या मनात शिरतो. हे त्याने आधी लांडग्याच्या बाबतीत केलेलं होतं, माणसाच्या बाबतीत कधीच नाही. आपल्याकडे परकायाप्रवेश म्हणतात तोच हा प्रकार. जोजेनचा चेहरा बघा तेव्हा.

आणि जॉनची बाजू बघा. तो त्या टोळीत फितूर होऊन आल्याचं सोंग करतोय. त्याला वाटेतल्या एका म्हाताऱ्याचा गळा चिरायला सांगतात, त्याचा हात उठत नाही, शेवटी टोळीतली यग्रिट बाण मारते. टोळीच्या डोळ्यांत तो आधीच संशयित आहे. अशा वेळी आतून एखाद्या पोराने त्याच्या नावाने हाक मारली असती तर दोघंही संपले असते.

पण ब्रॅन गप्प बसला नाही. त्याने लांडग्याच्या अंगात शिरून बाहेर झडप घातली. जॉन त्या गोंधळात निसटला. म्हणजे भावाने भावाला वाचवलं, आणि वाचलेल्याला ते माहीतच नाही. मला तर या भागातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच वाटतो, लग्नापेक्षाही.

दोन_फ्रेम_मागे

कृष्णाकाठ ताई, वहीचं वाचून फार बरं वाटलं. मी मुंबईत मालिकांच्या संकलनात आहे. आमच्या धंद्यात याला 'ट्रॅक' म्हणतात: सासूचा ट्रॅक, धाकट्या जावेचा ट्रॅक, ऑफिसचा ट्रॅक. रोजच्या मालिकेत ट्रॅक बदलण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की एका कलाकाराच्या तारखा नाहीत किंवा सेट अजून लागलेला नाही. म्हणून हा भाग मी कामाच्या टेबलावर लावून, प्रत्येक कट मोजत पाहिला. २ जून २०१३ ला तो पहिल्यांदा दाखवला गेला, दिग्दर्शक डेव्हिड नटर. त्यानंतर मी तो किती वेळा पाहिला असेल ते सांगता येणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातून निघतात. राजधानी मुद्दाम गाळली आहे. राजधानीतला रॉबचा शत्रू टायविन लॅनिस्टर आधीच्या भागांत पत्रं लिहीत बसलेला दिसतो, आठवतं? आपण ते नेहमीचं राज्यकारभाराचं दृश्य म्हणून सोडून देतो. नवव्या भागात एक कट जरी राजधानीला गेला असता, टायविन नुसता खिडकीपाशी उभा दिसला असता, तरी पाहणाऱ्याला वास लागला असता. कारस्थान करणारा पडद्यावर नसला की आपण फक्त पाहुण्यांच्या नजरेने बघतो. रॉबला जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला माहीत.

त्याऐवजी राजधानी आत येते ती गाण्यातून. आठव्या भागात टायविनची मुलगी सर्सी आपल्या होणाऱ्या सुनेला, मार्जरीला, कॅस्टमिअरच्या रेन घराण्याची गोष्ट सांगते: लॅनिस्टरांसमोर मान वर केली आणि घराण्याचा निर्वंश झाला. ती धमकी आपण मार्जरीच्या खात्यात टाकतो आणि विसरतो. पुढच्याच भागात मेजवानीची धून बदलते आणि तेच गाणं वाजायला लागतं. तुमच्या टपालाच्या भाषेत सांगायचं तर पत्र मार्जरीच्या खणात पडलं होतं, पत्ता मात्र केटलिनचा होता.

आता केटलिनला कधी कळलं. माझ्या मते एका क्षणी नाही, चार पायऱ्यांनी. पहिली पायरी, दारं बंद होतात. तिची नजर तिकडे जाते, पण लग्नघरात दारं लावली तर त्यात काय मोठंसं. दुसरी, धून बदलते आणि तिचा चेहरा उतरतो. तिसरी, शेजारी बसलेला रॉबचाच सरदार रूझ बोल्टन. तो दारू पीत नाही, त्याने बुद्धी मंदावते असं स्वतःच मघाशी सांगून झालेलं आहे. तिने बघावं अशा बेताने तो स्वतःच्या हाताकडे नजर टाकतो. चौथी, ती बाही वर सरकवते आणि खाली चिलखताच्या कड्या दिसतात. तिला ओरडायला जेवढा वेळ मिळतो तेवढाच आपल्याला मिळतो. मग रॉबच्या बायकोच्या, तालिसाच्या पोटात सुरा आणि सज्जातून बाण. तुम्हाला दर वेळी वेगळं उत्तर मिळालं ते म्हणूनच, आणि ते बरोबरच आहे.

अजून एक गोष्ट पुन्हा बघताना लक्षात घ्या. बोल्टनने फ्रे घराण्यात लग्न केलं आहे, आणि वॉल्डर फ्रेने हुंडा म्हणून नवरीच्या वजनाइतकी चांदी कबूल केली होती म्हणून त्याने सगळ्यात लठ्ठ नात निवडली. हे तो मेजवानीत सांगतो तेव्हा ते गमतीचं वाटतं. पण तो सांगतोय काय? की मी या घरचा जावई आहे. उघड्यावर, भर पंक्तीत.

युंकाईबद्दल. तिथे लढाई दाखवलीच नाही, हे पाहिलंत का? डेनेरिसची तीन माणसं, जोरा, ग्रे वर्म आणि नवा आलेला दारिओ, मागच्या दाराने शिरतात, थोडी तलवारबाजी, आणि मग थेट डेनेरिसच्या तंबूत वाट बघणं. जोरा आणि ग्रे वर्म रक्ताने माखून परत येतात, शहर पडल्याचं सांगतात. ती पहिला प्रश्न विचारते दारिओबद्दल आणि जोराचा चेहरा विझतो. एवढंच. याचं काम असं की घात नावाची गोष्ट या भागात दोनदा येते. दारिओ हा खरा घरभेदी. आठव्या भागात स्वतःच्याच दोन सरदारांची मुंडकी घेऊन तो तिच्या तंबूत शिरला होता. त्याच्यावर विश्वास ठेवू नये अशी सगळी कारणं आहेत, आणि तो शब्दाला जागतो. इकडे वॉल्डर फ्रे पाहुण्यांना मीठ-पाव देतो, म्हणजे देवाधर्मासमोर अभय देतो, आणि तो जागत नाही. हे दोन ट्रॅक एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण एकाने दुसऱ्यावर सावली टाकली आहे. युंकाईत जीव मुठीत धरून बसलो, सगळे सुखरूप परतले, आणि आपण सैल झालो. सैल झाल्यावर मेजवानी आली.

पान_दुमडलेलं

मूळ कादंबरी मी दोनदा वाचली आहे, त्यातून थोडी भर.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं हे तिसरं पुस्तक २००० साली आलं. त्यात प्रत्येक प्रकरण एकाच माणसाच्या नजरेतून लिहिलेलं असतं आणि प्रकरणाच्या डोक्यावर त्या माणसाचं नाव असतं. त्यामुळे बुरजाचा प्रसंग आपण दोनदा वाचतो, एकदा जॉनच्या प्रकरणात बाहेरून आणि एकदा ब्रॅनच्या प्रकरणात आतून. मध्ये कितीतरी पानं जातात. मालिकेने दोन्ही एकाच वेळी समोर ठेवलं, म्हणून ते अंतर इतकं टोचतं. आर्याचंही तसंच. पुस्तकात केटलिनचं प्रकरण वेगळं, आर्याचं वेगळं.

एक मोठा बदल: पुस्तकात रॉबची बायको त्या लग्नाला येतच नाही. तिला मागे ठेवलेलं असतं. मालिकेत तालिसा आली, पोटात मूल घेऊन आली, आणि मुलगा झाला तर नाव एडार्ड ठेवायचं असं बोलून झालं. मार्टिन यांनी सांगितलं आहे की ही कत्तल लिहिणं त्यांना इतकं जड गेलं की बाकी सगळं पुस्तक पूर्ण करून ते प्रकरण त्यांनी सर्वांत शेवटी लिहिलं.

त्यांनी याची मुळंही सांगितली आहेत, ती स्कॉटलंडच्या इतिहासात आहेत. १४४० साली एडिनबरोच्या किल्ल्यात डग्लस घराण्याच्या कोवळ्या उमरावाला आणि त्याच्या धाकट्या भावाला जेवायला बोलावलं. राजा दुसरा जेम्स तेव्हा दहा वर्षांचा होता, तोही पंक्तीला होता. परंपरा सांगते की काळ्या बैलाचं मुंडकं ताटात आणून ठेवलं, ती मृत्यूची खूण. दोघा भावांना ओढून नेऊन मारलं. दुसरी घटना १६९२ ची, ग्लेनको खोऱ्यातली. तिथे उलटं झालं, पाहुण्यांनी यजमानांना मारलं. सैनिक जवळजवळ दोन आठवडे मॅकडोनल्ड लोकांच्या घरी राहिले, त्यांचं अन्न खाल्लं, आणि फेब्रुवारीतल्या एका पहाटे त्यांच्यावर उठले. स्कॉटलंडमध्ये ती गोष्ट आजही विसरलेले नाहीत. खाल्ल्या मिठाला जागणं हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, तसंच त्यांनाही लागत नाही.

अर्धविराम

@दोन_फ्रेम_मागे, बाकी सगळं पटलं, युंकाईचं नाही पटलं. सावली वगैरे ठीक, पण डेनेरिसची गोष्ट त्या सीझनमध्ये कुठेही ठेवली असती तरी चालली असती. मला तो तुकडा दर वेळी खटकतो. बुरजावरून मेजवानीत थेट गेलो असतो तर एका घरातली भावंडं लागोपाठ एकमेकांना मुकताना दिसली असती आणि तीच या भागाची खरी कथा आहे.

दोन_फ्रेम_मागे

तसं कापून पाहिलं आहे मी, घरच्या संगणकावर, फक्त स्वतःसाठी. युंकाई काढलं. काय होतं सांगतो: बुरजापाशी जॉन निसटतो, ओशा रिकनला घेऊन दुसऱ्या वाटेने जाते, आणि लगेच मेजवानी. सलग इतकी ताटातूट झाल्यावर पाहणारा सावध होतो. पुढचीही ताटातूटच असणार हे त्याला कळतं. युंकाईमुळे ती ओळ मध्येच मोडली जाते. तुम्हाला खटकतं ते खरं आहे, पण ते खटकणंच तिथे काम करतंय असं मला वाटतं. यावर आपलं एकमत होणार नाही, होऊ नये.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी तुमचे प्रतिसाद कागदावर उतरवून घेतले आणि रात्री भाग परत लावला, या वेळी वही मांडीवर घेऊन. एक गोष्ट दिसली ती लिहिते.

पाचही रकान्यांत एकच शब्द आला: दार. युंकाईचं मागचं दार, जे आतल्या माहितीवर उघडतं. बुरजाचं दार, जे बंद राहिलं म्हणून मुलं जगली. सॅम गिलीला सांगतो की नाइटफोर्ट नावाच्या सोडून दिलेल्या किल्ल्यात भिंतीखालून जाणारं एक लपलेलं दार आहे, आणि गिली चकित होऊन त्याला जादूगार म्हणते, कारण हे सगळं त्याला कागदावरच्या खुणांवरून कळलं. मग मेजवानीचं दार. ते लागण्याआधी दोन माणसं त्यातून बाहेर गेलेली आहेत, एडम्यूरला पाहुणे उचलून नेतात आणि त्याचा काका ब्लॅकफिश लघवीला जातो. जे बाहेर गेले ते त्या दारामागे सापडले नाहीत. आणि शेवटी किल्ल्याचं मोठं दार, जिथे शिपाई हाउंडला सांगतो की मेजवानी संपली, माघारी फिर.

आर्याचं वय काय, तिने पायी किती मुलूख तुडवला, किती वेळा पकडली गेली, हे सगळं माझ्या वहीत आहे. आठ पानं आहेत तिची. संध्याकाळी लांबून किल्ला दिसतो तेव्हा ती एकटक बघत राहते आणि हाउंड तिला म्हणतो की पोचायची वेळ जवळ आली की भीती वाढते. तो क्रूर माणूस, पण हे त्याला माहीत आहे. मग ती गाडीतून उडी टाकून आत शिरते आणि तिला दिसतो तो रॉबचा पिंजऱ्यातला लांडगा मारला जाताना. आई आणि भाऊ भिंतीच्या पलीकडे. हाउंड तिला बेशुद्ध पाडून खांद्यावर टाकून नेतो. मला आधी त्याचा राग आला होता. काल नाही आला.

अर्धविराम, तुम्ही म्हणालात वाचलेल्याला ते माहीतच नाही. त्यावर मी बराच वेळ थांबले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही गावभागात वरच्या मजल्यावर अडकलो होतो, मी आणि सासूबाई. माझा मुलगा पुण्याहून निघाला, रस्ते बंद, कसाबसा पोचला आणि एका बोटीतून गल्लीच्या तोंडापर्यंत आला. तिथे त्याला कुणीतरी सांगितलं की या बाजूची सगळी माणसं काढली. तो परत फिरला. मी त्या वेळी मागच्या खोलीत सासूबाईंना औषध देत होते. बोटीचा आवाज ऐकला होता मी. दुसऱ्या दिवशी आम्हाला दुसऱ्याच लोकांनी बाहेर काढलं. नंतर कळलं की त्याने सांगून ठेवलं होतं, पुन्हा एकदा त्या गल्लीत बघून या म्हणून. तो आला होता हे मला तब्बल चार दिवसांनी कळलं.

म्हणून ब्रॅनने हाक का मारली नाही हा प्रश्न मी इतक्या तावातावाने विचारला होता. आता तो प्रश्न राहिला नाही.

अर्धविराम आणि दोन_फ्रेम_मागे, युंकाईबद्दल मी अर्धविराम यांच्या बाजूने आहे. मला तिथे जायचं नव्हतं. पण दारिओ शब्दाला जागला आणि म्हातारा फ्रे जागला नाही हे मी वहीत समोरासमोर लिहून ठेवलं आहे.

पान_दुमडलेलं

ताई, पुढचं काही सांगत नाही. फक्त सॅमचा रकाना मोठा आखा.

कृष्णाकाठ

आखला. दहावा भाग आज रात्री. सॅमच्या रकान्यात सध्या एकच ओळ आहे: दार कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे. खाली अर्धं पान मोकळं सोडलंय.